घरचं माणूस काट्यावर

"आमच्या घराण्यात ताप येतो तो पाहुण्यासारखा! येतो, बसतो आणि आपल्या पायांनी जातो. औषध पाजून पाहुण्याला घालवून द्यायची रीत आमच्यात नाही, आणि मी जिवंत असेतो पडणारही नाही!"

अण्णांनी हे बैठकीच्या खोलीत मधोमध उभं राहून, छताकडे बघत म्हटलं. मोठी वाक्यं ते नेहमी छताकडे बघूनच म्हणत. नजर खाली आणली की ती माईंच्या नजरेला भिडायची. वाक्य संपलं आणि त्यांना लागोपाठ शिंका आल्या.

"अगं, माझी सर्दीची गोळी कुठे ठेवलीस?"

"सकाळी घेतलीत ना एक?" माई मटार सोलता सोलता म्हणाल्या. "पाहुण्याला बसू दे की जरा."

अण्णा खिडकीकडे गेले. हरल्यावर ते खिडकीकडे जात. खिडकीचा गज त्यांच्या तळहाताला इतका सवयीचा झाला होता की तिथला रंग उडाला होता.

ताप अण्णांना नव्हता, छटाकला होता. छटाक म्हणजे त्यांची नात. या घरात माणसांना नावं ठेवायची ती वजनावरून. खाली वजनकाट्यांचं दुकान, वर बिऱ्हाड. पाळण्यातल्या पोराचं दुसरं काय होणार? ही जन्मली तेव्हा इतकीशी होती, म्हणून छटाक. तिच्या बापानं अण्णांचे दांडीचे तराजू सोडून इलेक्ट्रॉनिक काटे धरले आणि पॉइंटनंतरच्या आकड्यांवर भांडू लागला, म्हणून तो दशांश. त्याच्या थोरल्या बहिणीला लहानपणी पावशेर म्हणत. हे नाव आता कुणी घेत नसे. घेणाऱ्याची उंची कमी होईल असा तिचा हात होता.

आतल्या खोलीत सूनबाई छटाकला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीचं अंग तव्यासारखं तापलं होतं. छातीशी तिनं आपलं 'बाळ' घट्ट धरलं होतं: रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. त्याला ती मधूनच थोपटत होती आणि स्वतः किरकिरत होती.

सूनबाईची नोकरी चष्म्याच्या दुकानात, डोळे तपासायची. दिवसभर ती लोकांना विचारायची, "हे स्पष्ट दिसतं, की आधीचं?" माणसं चुटकीसरशी सांगायची, "आधीचं." आज तिला कुणीतरी तसं विचारायला हवं होतं. औषध द्यावं, की न द्यावं? समोर कपाटावर बाटली होती. बाटली साधी, तापाची, घरोघरी असते तीच. पण आयांच्या ग्रुपवर परवा एकीनं लिहिलं होतं की या औषधानं यकृत जातं. खाली सतरा जणींनी हात जोडले होते, त्यामुळे ते फारच खरं वाटत होतं.

"थोडं थांबू या का?" दशांश दाराशी उभा राहून म्हणाला. "सकाळी उतरला होता ना आपोआप?"

"उतरला होता, आता पुन्हा चढलाय. तुझं मत काय ते सांग ना."

"माझं मत... अण्णा म्हणतात त्यातही तथ्य आहे. तू म्हणतेस त्यातही."

"मी अजून काहीच म्हटलेलं नाही."

"त्यातही," दशांश म्हणाला. तराजू दुरुस्त करणाऱ्याच्या पोटी जन्मलेला माणूस. दोन्ही पारडी सारखी झाली की त्याला काम संपल्यासारखं वाटायचं.

जिना वाजला. असा जिना एकच माणूस वाजवत असे. छटाकची आत्या शाळेत खेळाची बाई होती. रविवारी तिच्या गळ्यात शिटी नसे, पण आवाजात असायची.

"कुठेय माझी पोर? काय हे, सगळे बाहुल्यांसारखे बसलेत! ताप आलाय ना? मग औषध द्या की! अण्णांचं कशाला ऐकता? अण्णांनी मला गोवर झाला तेव्हा भाषण दिलं होतं. गोवर बरा झाला, भाषण अजून दुखतं." बोलता बोलता तिनं पर्समधून बाटली काढली. "मी माझ्या दोघांना हेच देते. एक मोठा चमचा, गट्टम्, की लगेच पोरं चेंडू घेऊन पळतात. माई, चमचा आण गं."

माईंनी चमचा आणला. आत्यानं झाकण उघडलंही. लालभडक औषध चमच्यात काठोकाठ भरलं आणि छटाकच्या ओठांपर्यंत गेलं.

"ताई, थांबा."

सूनबाईचा आवाज मोठा नव्हता, पण चमचा थांबला. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि या घरात तिच्या शब्दावर काही थांबल्याची ही पहिलीच वेळ. तिची तीच दचकली.

"तुमची दोघं शाळेत जातात," ती म्हणाली. "ही अजून दोन वर्षांचीही नाही. त्यांचा चमचा हिला कसा चालेल? मी आधी डॉक्टरीणबाईंना फोन करते."

"रविवारी?"

"तापाला ठाऊक आहे का रविवार आहे ते?" माई म्हणाल्या आणि आत्याच्या हातातला चमचा घेऊन मोरीत ओतून आल्या. एवढंच. पण सूनबाईला वाटलं, आपल्या खुर्चीमागे कुणीतरी भिंत आणून ठेवली.

फोन लागला. डॉक्टरीणबाईंच्या मागे मिक्सर फिरत होता.

"ताप किती ते नंतर सांगा. पोरगी कशी आहे? पाणी पितेय? श्वास नीट आहे? अंगावर पुरळ? माणसं ओळखतेय?"

"पाणी पितेय. श्वास नीट आहे. पुरळ नाही. आणि आत्ताच आत्याला 'तू जा' म्हणाली."

"म्हणजे चांगलंच ओळखतेय. किरकिर करतेय?"

"खूप. बाई, पण ते औषध... यकृताला... मी वाचलं."

"कुठे?"

"आयांच्या ग्रुपवर."

"त्या ग्रुपवर मीही आहे. गेल्या आठवड्यात तिथे काकडीनंही यकृत जात होतं." मिक्सर थांबला. "हे बघा. मापात दिलं तर हे औषध लहान मुलांना सुरक्षित आहे. मापाबाहेर दिलं, पुन्हा पुन्हा दिलं, तर यकृताला खरंच इजा होते. तेव्हा भीती औषधाची नको, अंदाजाची ठेवा. आणि तापाच्या आकड्याला औषध द्यायचं नाही. पोरीला त्रास होतोय ना? मग पोरीला द्यायचं. माप वजनावर ठरतं. वजन किती तिचं?"

"मागच्या लशीच्या वेळी..."

"ते जुनं झालं. आजचं सांगा."

"आजचं... माहीत नाही."

"घरात काटा नाही का?"

सूनबाईनं खाली फरशीकडे पाहिलं. त्या फरशीखाली सोन्याचा कण तोलणारे काटे होते, धान्याचं पोतं तोलणारे होते, आख्खी हातगाडी मालासकट तोलणारा एक होता.

"काटा आहे," ती म्हणाली. "पण घरात विचारावं लागेल. मी पुन्हा फोन करते."

विचारावं लागेल याला कारण होतं. दुकान काढलं अण्णांच्या वडिलांनी, आणि त्यांनी एक नियम घालून दिला होता: जे काट्यावर चढलं, ते विकायचं. म्हणून घरचं माणूस दुकानातल्या काट्यावर चढवायचं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, गावभर वजन सांगणाऱ्या या घरात कुणालाच कुणाचं वजन ठाऊक नव्हतं. संसार सुखाचा होण्यामागे हेही एक कारण असावं.

"मुळीच नाही!" अण्णा गजाला धरून म्हणाले. "माझी नात म्हणजे काय बटाटे आहेत?"

"अण्णा, डॉक्टरीणबाईंना वजन हवंय," सूनबाई म्हणाली. "नाहीतर अंदाजे द्यावं लागेल."

'अंदाजे' हा शब्द अण्णांना चावला. उभं आयुष्य त्यांनी त्या शब्दाविरुद्ध घालवलं होतं. तरीही ते म्हणाले, "वडिलांचा शब्द आहे."

"तुमच्या वडिलांचा शब्द मला ठाऊक आहे," माई मटाराची परात बाजूला ठेवून उठल्या. "ते जेवायला बसले आणि तुम्ही वसुलीला गेलात की मी तुमच्या दोन्ही पोरांना दुकानात नेऊन तोलत होते. दर सोमवारी. विकलं गेलं का कुणी?"

अण्णांचा गज सुटला.

"मला कुणी घेतलंच नसतं," दशांश म्हणाला.

"चौकशी झाली होती," माई म्हणाल्या. "पण बदल्यात काय देणार ते पटलं नाही. चला, किल्ल्या द्या."

दुकानाचं शटर वर गेलं तेव्हा बाहेरचं ऊन पितळी वजनांच्या रांगेवर पडलं आणि छटाक पहिल्यांदा रडायची थांबली. दशांशचा चेहराही उजळला. त्याचा नवा बोलका काटा त्यानं मधे ओढला. माणूस वर चढला की काटा वजन मोठ्यांदा सांगत असे, औषधांच्या दुकानांसाठी खास.

"हिला उभी कर," तो म्हणाला.

छटाकनं काट्याकडे पाहिलं, काट्याच्या लाल दिव्याकडे पाहिलं आणि जवळ सापडलेल्या माणसाच्या गळ्याला घट्ट मिठी मारली. ते माणूस आत्या होती. आईकडे ये म्हटलं, येईना. बापाकडे जा म्हटलं, लाथ मारली.

"काही हरकत नाही," दशांश म्हणाला. "ताई, तूच हिला घेऊन चढ. मग एकटी चढ. वजाबाकी करू."

आत्या गप्प झाली. ती गप्प झाल्याचं दुकानात स्पष्ट ऐकू आलं.

"खरं सांगू का," ती जरा वेळानं म्हणाली, "अण्णांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. वडीलधाऱ्यांनी काही विचार करूनच नियम केलेला असतो."

"आता बोललीस शहाण्यासारखी!" अण्णा म्हणाले. सकाळपासून त्यांना मिळालेला हा पहिला पाठिंबा.

"आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहतो," सूनबाई म्हणाली. "आकडा कुणी बघणार नाही. ताई, प्लीज."

पोरगी खांद्यावर कण्हली. तिचा गरम श्वास आत्याच्या मानेला लागत होता. आत्यानं चपला काढल्या, घड्याळ काढलं, कानातली काढली, केसांतला चिमटा काढला आणि काट्यावर पाय ठेवला. सगळं कुटुंब भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या वर्गासारखं उभं राहिलं.

"चौऱ्याण्णव किलो," काटा खणखणीत आवाजात म्हणाला. "धन्यवाद."

रस्त्यावरून जाणारी एक सायकल थांबली.

"त्यात छटाक आहे!" आत्या ओरडली.

"छटाक किती आहे तेच शोधतोय," दशांश भिंतीला म्हणाला.

पोरीला कसंबसं सोडवून माईंनी घेतलं, तिचं 'बाळ' तिच्यासोबतच आलं. आत्या पुन्हा चढली.

"ब्याऐंशी किलो. धन्यवाद."

"बारा!" दशांश वळला. "छटाक बारा किलो!"

"हा आवाज बंद करता येत नाही का रे?"

दशांशनं काट्याकडे बघितलं. "येतो की. मागे बटण आहे. लक्षातच आलं नाही."

आत्यानं त्याला जे म्हटलं ते खेळाच्या मैदानावरही म्हणत नाहीत.

"बारा नाही," अण्णा म्हणाले. ते मघापासून छटाककडे एक डोळा बारीक करून बघत होते. नियम मोडलाच होता, आता तो नीट तरी मोडावा असं त्यांना वाटू लागलं होतं. "यंत्राला तोंड आहे म्हणून ते खरंच बोलतं असं नाही. आणा तिला इकडे."

त्यांचा जुना तराजू छताच्या कडीला टांगलेला होता. पारडी मोठी, परातीएवढी. अण्णांनी एका पारड्यात उशी ठेवली, तिला तोल म्हणून दुसऱ्यात तसलीच उशी ठेवली आणि दोन्ही हातांनी चौथी पिढी उचलून पारड्यात बसवली. पारडं हललं. छटाकला झोका वाटला. तिनं आपलं बाळ आईच्या हातात दिलं, "धर, झोपलंय," असं बजावलं आणि दोन्ही साखळ्या पकडल्या.

अण्णा एकेक वजन चढवू लागले. त्यांच्या बोटांचा कंप वजन हातात घेतलं की थांबत असे. दांडी हळूहळू आडवी आली, थरथरली, स्थिर झाली.

"साडेअकरा," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"बारा," दशांश म्हणाला.

"पन्नास वर्षं हा तराजू खोटं बोलला नाही!"

"माझा काटा परवा तपासून आलाय!"

"म्हणून ओरडतो का एवढा?"

बापलेक समोरासमोर उभे राहिले. मधे पोरगी झोके घेत होती आणि भांडण तिच्या तापावरून सरकून घराण्याच्या इभ्रतीवर गेलं होतं. सूनबाईनं दोघांकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. तिचं मनगट दुखू लागलं होतं. एवढंसं बाळ, रुमालात गुंडाळलेलं, आणि मनगट दुखतं?

तिनं रुमाल सोडला. आत अर्धा किलोचं पितळी वजन होतं. त्याला कुणीतरी पेन्सिलीनं डोळे काढले होते.

"ताईंच्या कडेवर होती तेव्हा हे हिच्या हातात होतं," ती म्हणाली. "दोघंही बरोबर आहात."

दुसऱ्या घरातली पोरं भावली घेऊन झोपतात. अण्णांनी वजन हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. "शोधतोय हे मी महिनाभर," ते म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. मग दशांश हसला. मग आत्या हसली आणि हसता हसता म्हणाली, "मग माझ्यातूनही अर्धा किलो वजा करा." तो वजा होत नव्हता, पण कुणी तसं सांगितलं नाही.

सूनबाईनं पुन्हा फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"साडेअकरा किलो, बाई. उशी, हातातलं वजन सगळं वगळून."

"बारा असतं तरी फारसा फरक नव्हता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पन्नास वर्षांचा तराजू आणि परवा तपासलेला काटा, दोघांचे मालक एकदम फळीवरच्या वजनांकडे बघू लागले. "बाटली हातात घ्या. पाच मिलीत औषध किती ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं."

बारीक अक्षरं हा सूनबाईचा धंदाच होता. तिनं आपली बाटली वाचली. मग काय मनात आलं, आत्याचीही घेतली. रंग तोच, स्ट्रॉबेरीचं चित्र तेच.

"ताई, तुमच्यात दुप्पट आहे."

आत्या दुकानातल्या स्टुलावर बसली. "आणि मी मोठा चमचा..." ती म्हणाली.

"तुमच्या बाटलीतलंच द्या," फोनमधून आवाज आला. डॉक्टरीणबाईंनी मिलीचा आकडा सांगितला, सूनबाईनं तो म्हणून दाखवला. "बाटलीबरोबर सुईविना सिरिंज येते, तिनंच द्या. घरातला चमचा नको. आणि एक राहिलं. आज आधी हे औषध कुणी दिलंय का?"

"नाही," सूनबाई म्हणाली. "सकाळी तर आपोआपच उतरला होता."

"आपोआप?"

"हो. नाश्त्याच्या वेळी अगदी गार होती."

"मग घरात सगळ्यांना एकदा विचारा. मी थांबते."

सूनबाईनं दशांशकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. आत्या तर आत्ता आली होती. अण्णा आपली वजनं पुसत होते. चकचकीत वजनं.

"अहो," माई कोपऱ्यातल्या फळीपाशी उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "हा सोनारकाटा आहे ना तुमचा? याच्या पारड्याला मुंग्या कशा लागल्या?"

काचेच्या पेटीतल्या त्या चिमुकल्या काट्यावर फक्त अंगठ्या आणि खडे चढत. आज त्याच्या डाव्या पारड्यात मुंग्यांची सभा भरली होती.

अण्णांनी छताकडे पाहिलं. वाक्य सुचेना.

"पहाटे रडत होती," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही दोघं नुकतीच झोपला होता. मी उचललं तर माझ्याकडे बघून हुंदके द्यायला लागली. तत्त्व आहेच माझं. पण ते काय तिला सांगायचं? मागच्या तापात बाटलीवर पाच लिहिलेलं होतं. मी पाच दिलं. नीट तोलून दिलं, अंदाजे नाही."

"तोलून?" फोन म्हणाला.

"पाच ग्रॅम. सोनारकाट्यावर. वाटीचं वजन वगळून."

"अहो आजोबा, पाच मिली!"

"औषध द्रव आहे हे मान्य," अण्णा म्हणाले, "पण आमच्याकडे तोलतात."

फोनमधून हसणं आलं. "साखरेचा पाक पाण्यापेक्षा जड असतो. म्हणजे पाच मिलीपेक्षा कमीच गेलंय. नशीब चुकलात ते या बाजूला! पहाटेचं म्हणता? आता दुपार टळत आली. पुरेसा वेळ गेलाय, द्यायला हरकत नाही. उद्याही ताप असला, किंवा पोरगी मलूल पडली, तर घेऊनच या."

फोन ठेवला.

"अण्णा," ती म्हणाली, "न सांगता दिलंत. नाश्त्याला मी दिलं असतं तर? वर ताईंनी चमचा दिला असता तर? प्रेमानं तिघांनी दिलं असतं, आणि तिला..."

चार वर्षांत तिनं सासऱ्यांना विचारलेला हा पहिला सरळ प्रश्न. दशांशनं मधे पडायला तोंड उघडलं, माईंनी ते नजरेनं बंद केलं.

अण्णांना कळलं होतं. फोनवर तो प्रश्न आला तेव्हाच कळलं होतं. हातातलं फडकं त्यांनी घडी करून ठेवलं.

"दुकानात एका गिऱ्हाइकाचा माल दोघांनी तोलायचा नसतो," ते म्हणाले. "एकानं तोलायचं, दुसऱ्यानं विचारायचं. हे मी दशांशला शिकवलं आणि पहाटे स्वतः विसरलो. आजपासून या घरात पोरांचं औषध सूनबाईच्या हातून. तिनं दिलं तर दिलं, नाही म्हटलं तर नाही. मी विचारीन."

आणि ते छताकडे न बघता, तिच्याकडे बघून बोलले होते. आत्यानं डोळे पुसले आणि धूळ फार आहे म्हणाली. दशांश बायकोच्या शेजारी येऊन उभा राहिला, आणि या खेपेला त्याचं एकच पारडं स्पष्ट खाली गेलं होतं.

"माझं मत विचारलं होतंस," तो म्हणाला. "द्यायचं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मीही तेच म्हणतेय."

सूनबाईनं सिरिंज उजेडात धरली, रेघ डोळ्यांसमोर आणली आणि छटाकच्या गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू औषध सोडलं. घोट उतरला. थोड्या वेळानं पोरीच्या कपाळावर घाम फुटला. ती अण्णांच्या मांडीवर वजनांचे मनोरे रचू लागली, पाडू लागली, आणि प्रत्येक मनोरा पडताना दुकानात असा गजर होत होता की सायकलवाला पुन्हा डोकावून गेला. माईंनी सोललेले मटार खालीच आणले. सगळे जण कच्चेच खात बसले. आत्या तिसऱ्यांदा काट्यावर चढली, आवाज बंद करून. आणि पोरीचं अंग साधं, कोमट, पोरीसारखं लागत होतं. सूनबाई ते पुन्हा पुन्हा हात लावून बघत होती.

अण्णांना राहवेना. ते उठून उभे राहिले.

"आज हे घराणं एक गोष्ट शिकलं," त्यांनी सुरुवात केली. सगळे गप्प झाले. भाषणाला आज कुणाचीच हरकत नव्हती. "औषध हे जहर नाही आणि अमृतही नाही. ते माप आहे. ज्याला माप कळलं, त्याला..."

छटाकनं त्यांच्या विजारीचा पाय ओढला. बाटली सूनबाईनं सगळ्यांत वरच्या फळीवर, छटाकचा हात पोचणार नाही अशी ठेवली होती. छटाक तिकडे बोट दाखवत होती आणि जिभेनं ओठांवरची स्ट्रॉबेरी चाटत होती.

"अजून," ती म्हणाली.